मंडपात न सांगितलेला आकडा

टरबूज वाजवून घ्यावं आणि खेळाडू बाद झाल्यावर बघावा, असं सावळीरामनाना म्हणत. चढाई करताना सगळेच वाघ असतात. बाद होऊन रेषेबाहेर बसल्यावर जो आपल्या संघाकडे बघत राहतो तो घ्यायचा. जो मोबाइलकडे बघतो त्याला चहा पाजून वाटेला लावायचं. या एका कसोटीवर नानांनी सव्वीस वर्षं एकलहऱ्याजवळच्या आपल्या गावचा कबड्डी संघ चालवला. आधी औष्णिक केंद्रातली पाळी सांभाळून, आणि निवृत्त झाल्यापासून तीन वर्षं दुसरं काहीच न सांभाळता. साळूबाई, म्हणजे नानांची बायको, सांगायची की या माणसाला घरातला गॅस कधी संपतो ते ठाऊक नाही, पण सिन्नरच्या कुठल्या पोराचा गुडघा कोणत्या महिन्यात दुखतो ते तोंडपाठ आहे.

त्यात तिची तक्रार असायची आणि थोडा अभिमानही. नानांना दोन्ही ऐकू यायचं आणि ते फक्त अभिमानाला मान डोलवायचे.

पूर्वी गावचा संघ म्हणजे गावचीच पोरं. आता तसं राहिलेलं नाही. चांगला चढाईपटू कुणाच्याच मालकीचा नसतो. तीन दिवसांच्या स्पर्धेला जो बोलावील त्याचा टी-शर्ट घालायचा आणि चौथ्या दिवशी मोकळं व्हायचं. त्यामुळे दर वर्षी प्रश्न एकच, की बाहेरून आणायच्या त्या एका ताऱ्यावर किती पैसा घालायचा. बाकी गावं त्यावर भांडून रात्रीच्या रात्री काढत. नानांच्या गावात तो प्रश्न अर्ध्या तासात मिटायचा, कारण नानांचे दोन नियम होते.

पहिला नियम असा की सगळ्यात वरच्याला सगळ्यात खालच्याच्या तिपटीहून एक रुपया जास्त द्यायचा नाही. दुसरा त्याहून कडक होता. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सगळा संघ मारुतीच्या मंडपात बसायचा आणि नाना प्रत्येकाचा आकडा मोठ्यानं सांगायचे, खालून वर. ज्याचा आकडा असेल त्यानं सगळ्यांदेखत 'कबूल' म्हणायचं आणि गुळाचा खडा तोंडात टाकायचा. गूळ खाल्ला की पुन्हा घासाघीस नाही आणि पाठीमागे कुजबुज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असते हे खरं, पण उघडल्यावर त्यातून एक सव्वा लाखाचा आणि सहा फुकटचे निघतात, असं नानांचं म्हणणं.

हे शहाणपण त्यांना कुठून आलं ते सगळ्या गावाला पाठ होतं, कारण दर वर्षी गुळाआधी ती गोष्ट ऐकावी लागायची. नाना स्वतः उजव्या कोपऱ्यात खेळायचे. कोपऱ्यातल्या माणसाचं काम काय, तर समोरचा चढाई करायला आला की त्याचा घोटा धरायचा, तोंडावर पडायचं, पण सोडायचं नाही. नाव चढाई करणाऱ्याचं होतं, दात कोपऱ्यातल्याचे पडतात. नाना पंचविशीत असताना मंडळानं मुंबईहून एक नामांकित चढाईपटू आणला. त्याला गुपचूप पाच हजार दिले आणि बाकीच्यांना मिसळ-पाव. अंतिम सामन्याच्या दिवशी ही बातमी फुटली. शेवटच्या मिनिटाला एका गुणाची आघाडी होती, समोरचा गडी चढाईवर आला, दोन गुण घेऊन गेला आणि त्याला धरायला कुणी उडीच घातली नाही. 'कुणी म्हणजे कुणीच नाही,' असं म्हणून नाना थांबायचे, आणि मग गुळाची परात पुढे यायची.

तर अशा या माणसावर यंदा जावयाच्या रूपानं संकट आलं.

नानांची मुलगी आशा हिला सटाण्याला दिलेली. जावई किशोर कांद्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला, आणि चढाईपटू असा की नानांनी लग्नाआधी त्याला तीन स्पर्धांमध्ये बाद झाल्यावर बघितलेलं. तिन्ही वेळा तो संघाकडे बघत होता. मुलगी द्यायला एवढं पुरे आहे का, असं साळूबाईनं तेव्हा विचारलं होतं, आणि नानांनी पुरे आहे असं सांगितलं होतं. लग्न झाल्यापासून किशोर एका साखर कारखान्याच्या संघाकडून खेळायचा. यंदा तो संघच मोडला. किशोर मोकळा झाला, आणि नाशिकपासून मालेगावपर्यंत ज्यांच्याकडे मॅट आणि माइक होता त्या सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

गावात तर आनंदीआनंद. मंडळाचा सचिव मनोज, ज्याचं मोबाइलचं दुकान आहे, त्यानं हिशोब करून टाकला. नानांचे जावई म्हणजे घरचेच. घरच्या माणसाला पैसे कसले? पंचाहत्तर हजारांची पुंजी आहे, ती बाकीच्यांवर घालू आणि करंडक उचलू. दुसरे काही जण उलट टोकाला. म्हणाले, असा तारा पुन्हा मिळायचा नाही, अर्धी पुंजी त्याच्यावर ओता आणि उरलेल्यांना मिसळ घाला.

घरी साळूबाईचं तिसरंच. यंदा अधिक महिना होता, आमच्याकडे ज्याला धोंड्याचा महिना म्हणतात तो. तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्यात जावयाला देवाचा मान. त्याला बोलावायचं, पाटावर बसवून पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारसे आणि वर काहीतरी सोन्याचांदीचं वाण ताटात द्यायचं. किशोरचा हा लग्नानंतरचा पहिला धोंडा. स्पर्धा रविवारी संपणार म्हणून साळूबाईनं जेवण सोमवारचं ठरवलेलं. तिचं म्हणणं, ज्याचे सोमवारी पाय धुवायचे त्याला शुक्रवार ते रविवार मातीत फुकट लोळवणार? आणि पैसे द्यायचे म्हटलं तर जावयाशी भाव करणार? लोक तोंडात शेण घालतील.

जावई हा दहावा ग्रह असं उगीच म्हणत नाहीत. बाकीचे नऊ निदान पत्रिकेत तरी बसतात.

नानांनी दोन दिवस विचार केला आणि आपला नियमच बरा असं ठरवलं. सगळ्यात खालच्याला पाच हजार, म्हणून किशोरला पंधरा. जावई म्हणून फुकट नाही आणि तारा म्हणून डोक्यावर नाही. त्यांनी तसं फोनवर सांगितलंही, दोनदा घसा खाकरून. किशोर 'बरं मामा' म्हणाला. सासऱ्याला तो मामा म्हणायचा आणि त्यापुढे फारसं काही म्हणायचा नाही.

इथवर सगळं ठीक होतं. बुधवारी दुपारी मात्र नाना ओसरीवर आडवे झालेले असताना, आठ दिवस आधीच माहेरी आलेली आशा आईला सांगत होती ते त्यांच्या कानावर पडलं. नाशिकरोडच्या एका बिल्डरचा संघ होता. त्यांचा माणूस गाडी घेऊन सटाण्याला गेला होता आणि त्यानं किशोरला तीन दिवसांचे चाळीस हजार सांगितले होते. आईनं विचारलं, मग काय म्हणाले? आशा म्हणाली, बघतो म्हणाले.

'बघतो' या एका शब्दानं नानांची झोप उडाली. पैशांचं सोडा. आपला जावई समोरच्या संघाच्या टी-शर्टमध्ये, आपल्याच मैदानावर, आपल्याच कोपऱ्यातून गुण घेऊन जातोय आणि सगळा गाव आपल्या तोंडाकडे बघतोय, हे चित्र त्यांना उठता बसता दिसायला लागलं. चाळीस देणं शक्य नव्हतं. नियमानं खालच्याला साडेतेरा द्यावे लागले असते, आणि एवढे पैसे मंडळानं कधी जन्मात बघितले नव्हते. आणि मग, ज्या माणसानं सव्वीस वर्षं दुसऱ्यांना झाकली मूठ उघडायला लावली, त्यानं गुरुवारी सकाळी सराफ बाजारात जाऊन आपल्या पेन्शनीतून तीस हजारांची अंगठी घेतली.

दुपारी ते किशोरला आणायला मोटारसायकलवर नाशिकला गेले. येताना नाशिकरोडच्या पुढे रसवंतीवर थांबले, दोन ग्लास रस सांगितला आणि खिशातली लाल डबी काढून जावयाच्या हातात ठेवली. म्हणाले, धोंड्याचं वाण आहे, ठेवा. किशोरनं डबी उघडली, मिटली आणि हळूच विचारलं की धोंडा तर सोमवारी ना? नाना म्हणाले, चार दिवस आधी दिलं म्हणून काय बिघडतं. एवढं बोलून त्यांनी उसाच्या रसाचा असा मोठा घोट घेतला की डोळ्यांत पाणी आलं. किशोरनं डबी शर्टाच्या खिशात टाकली. घरी कुणाला तो काही बोलला नाही आणि नानाही बोलले नाहीत.

त्याच संध्याकाळी मंडपात परात मांडली. नानांनी गोष्ट सांगितली, आकडे सांगितले. पाच, पाच, सहा. असं करत गोरक्षचा आकडा आठ.

गोरक्ष म्हणजे संघाचा उजवा कोपरा, म्हणजे एके काळची नानांचीच जागा. मूळचा हरसूलकडचा. आईबाप द्राक्षाच्या कामाला इकडे आले तेव्हा दहा वर्षांचा होता, तो इथलाच झाला. आता रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात काम करतो. नऊ वर्षं संघात आहे. दोनदा खांदा निखळला, एकदा हनुवटी फाटली, पण हातात आलेला घोटा त्यानं सोडलेला कुणी बघितला नव्हता. त्याची बायको पूजा साळूबाईच्या हाताखाली चार दिवस अनारसे तळत होती. पूजाच्या हातचा अनारसा असा जाळीदार पडतो की बघत राहावा. तळता तळता ती एकदा म्हणाली होती की मला माहेरच उरलं नाही, आमच्या माणसाला धोंडा कुठला, आपण दुसऱ्यांचेच तळायचे. ती हसत म्हणाली होती आणि साळूबाईनं झारा तसाच हातात धरून तिच्याकडे बघितलं होतं.

गोरक्षनं 'कबूल' म्हणून गूळ घेतला. शेवटी किशोरचा आकडा, पंधरा. 'कबूल' म्हणताना किशोरनं नानांकडे क्षणभर बघितलं. चोराच्या मनात चांदणं. नानांनी परातीतले गुळाचे खडे मोजायला घेतले.

शुक्रवार-शनिवारी संघ नुसता पळत सुटला. किशोर आत गेला की दोन-दोन गुण घेऊन यायचा, आणि तो बाद होऊन बसला की गोरक्ष समोरच्याला पाडायचा, कारण पकड झाली की बाहेर बसलेला आपला गडी परत आत येतो. नाना खुर्चीवर टेकतसुद्धा नव्हते. शनिवारी त्यांना वाटलं, अंगठीचं जे झालं ते झालं, कुणाचं काही वाईट तर नाही झालं.

रविवारी पाच वाजता उपांत्य सामना होता. त्या दिवशी सकाळी आशाला नवऱ्याच्या शर्टात डबी सापडली. बाबांनी दिली म्हटल्यावर तिला कोण आनंद झाला; तिनं अंगठी त्याच्या बोटात घालूनच त्याला मैदानावर पाठवलं. आणि कबड्डीत काही लपत नाही. सामन्याआधी पंच ओळीनं उभं करून नखं बघतात, गळ्यातलं, हातातलं सगळं काढायला लावतात. किशोरची अंगठी निघेना. उन्हानं बोट सुजलेलं. मनोज खोबरेल तेल घेऊन धावला, सगळा संघ भोवती गोळा झाला, चेष्टा सुरू झाली. कुणीतरी विचारलं कुठली अंगठी, आणि किशोरनं सरळ सांगितलं की मामांनी दिली, धोंड्याची.

'धोंडा तर उद्या हाय,' गोरक्ष म्हणाला. ते त्याला ठाऊक असणारच, पूजाच्या हातांना चार दिवस तुपाचा वास येत होता. मग त्यानं विचारलं, 'कधी दिली?'

'गुरुवारी. येताना.'

गुरुवारी संध्याकाळी मंडप होता हे गोरक्षला कुणी सांगायला नको होतं. त्यानं नानांकडे बघितलं, मग खाली बसून बुटाची लेस बांधली, सोडली आणि परत बांधली. अंगठी निघाली. किशोरनं ती नानांच्या हातात दिली आणि सामना सुरू झाला.

पहिल्या पाच मिनिटांतच नानांच्या ध्यानात आलं. बाकी कुणाला कळलं नसेल. प्रेक्षकांना तर मुळीच नाही. गोरक्ष धावत होता, हात टाकत होता, माती त्याच्या अंगाला लागत होती. पण घोटा हातात येता येता अर्धी वीत लांब राहत होता. समोरचा गडी तीन वेळा त्याच्या कोपऱ्यातून गुण घेऊन हसत परत गेला. किशोर बाद होऊन बाहेर बसला तो बसूनच राहिला, कारण त्याला आत आणणारी पकड होत नव्हती. पंधरा हजारांचा, खरं म्हणजे पंचेचाळीस हजारांचा तारा पंचांच्या टेबलाशेजारी मांडी घालून बसलेला, आणि आपल्या संघाकडे बघत असलेला. मनोज म्हणाला की गोरक्षला ऊन लागलं असेल. हातातली अंगठी नानांना गरम लागत होती.

ती अर्धी वीत त्यांच्या ओळखीची होती. जगात फक्त त्यांनाच तिची ओळख होती.

मध्यंतराला संघ सात गुणांनी मागे होता. पोरं घामानं निथळत दोरीशी आली. पूजानं लिंबूपाणी आणलेलं, गूळ आणलेला. दोरीपलीकडे बायकांच्या खुर्च्यांत साळूबाई आणि आशा. मध्यंतर पाच मिनिटांचं असतं. नानांना वाटलं, डाव्या बाजूनं खेळा, घाई करू नका, असलं काहीतरी सांगावं आणि वेळ मारून न्यावी. तोंड उघडलं तेव्हा भलतंच आलं.

'गुरुवारी मंडपात मी आकडा खोटा सांगितला,' ते म्हणाले. 'किशोररावांचा पंधरा नाय. ही अंगठी तीसची. पंचेचाळीस झाले. धोंड्याची म्हणून दिली, पण धोंड्याची नाय ही. नाशिकरोडचे चाळीस देत होते, जावई तिकडं जाईल म्हणून भ्यालो आन दिली.'

कुणी पाण्याचा ग्लास खाली ठेवला नाही आणि तोंडालाही लावला नाही. धोंड्याच्या महिन्यात, सासू आणि बायको समोर असताना, जावयाच्या वाणाला मजुरी म्हणणं म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. आशानं पदर तोंडाला लावला. नानांचे कान तापले, पण आता थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही हेही त्यांना कळत होतं.

'आन ती मुंबईवाल्याची गोष्ट,' ते पुढे म्हणाले. 'कुणीच उडी घातली नाय असं मी सांगतो. समोरचा गडी माझ्या कोपऱ्यातनं गेला व्हता. घोटा हातात आलेला. मी सोडला.'

पस्तीस वर्षं ते हे बायकोलाही बोलले नव्हते. बोलून झाल्यावर त्यांना भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. पायातून खडा काढल्यासारखं मोकळं वाटलं.

पहिल्यांदा किशोर बोलला. बोलायची सवय नसलेल्या माणसासारखा, जमिनीकडे बघत. त्यानं सांगितलं की नाशिकरोडवाल्याला त्यानं बुधवारी संध्याकाळीच नाही म्हणून कळवलं होतं, अंगठी हातात पडायच्या आधी. 'चाळीस तर देतस त्या,' तो म्हणाला, आणि भर गर्दीत त्याच्या तोंडून सटाण्याचं घरचं बोलणं निघालं, 'पन मी बाद व्हयनू का माले परत आत कोन आनस? त्यास्नाकडे गोरक्ष नही शे.' मग तो नानांकडे वळला. 'ही तुमच्याजवळ राहू द्या, मामा. उद्या मामींनी ताटात ठेवली तर घेईन.'

गोरक्ष गुडघ्यावरची माती झटकत होता. नानांनी त्याला सांगितलं की नियमानं आता खालच्याला पंधरा बसतात, तेवढे माझ्याजवळ आज नाहीत, पण—

'मला पैसा नको व्हता, नाना,' गोरक्षनं मध्येच थांबवलं. 'आकडा ऐकायचा व्हता.'

नानांनी पूजाच्या हातातली गुळाची वाटी घेतली, आणि मंडपात बसल्यासारखे एकेकासमोर जाऊन आकडे पुन्हा सांगितले, खालून वर. पाच, पाच, सहा. गोरक्षचा आठ, किशोरचा पंधरा, अंगठी परत. प्रत्येकानं कबूल म्हटलं. गोरक्षनं गूळ सगळ्यात शेवटी घेतला आणि एकाऐवजी दोन खडे उचलले. पंचांनी शिट्टी वाजवली.

दुसऱ्या डावातलं मी काय सांगू, गावात कुणालाही विचारा, अर्धा तास सांगेल. तिसऱ्याच मिनिटाला समोरचा तोच हसरा गडी गोरक्षच्या कोपऱ्यात आला आणि परत गेला नाही. किशोर उठून आत गेला. पुढच्या पंधरा मिनिटांत गोरक्षनं चार घोटे धरले, त्यातला एक धरताना त्याची जुनी हनुवटी पुन्हा फुटली. सामना तीन गुणांनी जिंकला. त्यानंतरचा अंतिम सामना दोन गुणांनी हरला, नाशिकरोडच्या त्याच संघाशी, ज्यांनी किशोरऐवजी दुसरा कुणी चाळीस हजारांचा आणला होता आणि तो खरंच चाळीस हजारांचा निघाला. ताऱ्यावर पैसा घालू नये असं नाना तरी कुठे म्हणत होते. नानांना हरल्याचं फारसं वाईट वाटलं नाही. सामना हरणं ही त्यांच्या मते पावसासारखी गोष्ट, छत्री नेहमी असतेच असं नाही.

त्यांची खरी भीती घरी होती. सकाळी पुरण वाटताना साळूबाईनं तोंड उघडलं. 'वाण ताटात द्यायचं असतं,' ती म्हणाली, 'रसवंतीवर नाय.' मग तिनं अंगठी मागून घेतली, दुधानं धुतली, हळदीकुंकू लावलं आणि ताटात ठेवली. तिच्या लेखी ती आता नवी झाली. नानांनी विचारलं की एवढ्यावर मिटलं का? तिनं त्यांना सांगितलं की मिटलं नाही, दुसरा पाट मांडा.

नाना आधी समजले नाहीत. साळूबाईनं सांगितलं की चार दिवस जिनं अनारसे तळले तिला माहेर नाही, आणि ज्या घरात इतके अनारसे झाले त्या घरात माहेर नाही असं म्हणता येत नाही. हे तिनं काल-परवा ठरवलेलं नव्हतं. झारा हातात धरून बघितलं तेव्हाच ठरवलं होतं. आणि अनारसे तिनं तेहतीस नव्हे, सहासष्ट करून घेतलेले. नवऱ्याच्या हिशोबात खोट निघाली असेल, तिच्या हिशोबात नव्हती.

बारा वाजता दोघं जावई शेजारी शेजारी पाटावर बसले. किशोर सवयीचा, निवांत. गोरक्ष कडक इस्त्रीच्या शर्टात, हनुवटीला पट्टी, आणि कुठल्या सामन्यात सुद्धा कधी घाबरला नसेल इतका घाबरलेला. पूजा आशाजवळ दाराशी उभी होती आणि डोळे पुसत हसत होती. रिवाजाप्रमाणे किशोरचे पाय आधी धुतले गेले. मग नाना परात आणि तांब्या घेऊन गोरक्षसमोर बसले. गुडघे कुरकुरले. सव्वीस वर्षांत संघातल्या कुणाच्या पायाला त्यांनी हात लावला असेल तो लचक काढायलाच.

त्यांनी गोरक्षच्या पायावर कोमट पाणी ओतलं आणि धुवायला घोटा हातात घेतला. घोट्याला हात लागताच गोरक्षनं सवयीनं झटका देऊन पाय मागे ओढला. परात कलंडली, पाणी नानांच्या धोतरावर, सगळ्या घरात हशा. किशोर तर पाटावरच आडवा झाला. गोरक्ष शरमून उठायला लागला.

नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी तो घोटा पुन्हा पकडला, घट्ट, पस्तीस वर्षांपूर्वी पकडायला हवा होता तसा.

'बस,' ते म्हणाले. 'या वेळी मी सोडणार नाय.'

आणि मग त्यांनी दोन्ही पाय सावकाश धुतले, पुसले आणि कुंकू लावलं. साळूबाईनं धोंडे वाढायला घेतले.